चाळीस वर्षांपूर्वीचं जपानी अँबियंट संगीत आज एवढं का ऐकलं जातंय?

विचारलेला प्रश्न असा: १९८०च्या दशकात जपानमध्ये निघालेलं आणि तेव्हा फारसं न खपलेलं अँबियंट संगीत (म्हणजे भोवतालाचा भाग होऊन मागे वाजत राहणारं) गेल्या दहाएक वर्षांत जगभर का ऐकलं जाऊ लागलं? ही यूट्यूबच्या अल्गोरिदमची करामत, की त्या संगीतातच काही आहे? आणि नव्यानं ऐकणाऱ्यानं सुरुवात कुठून करावी?

मी रेकॉर्डिंग आणि मास्टरिंगचं काम करतो, आणि त्याच्या जोडीला प्रदर्शनाची दालनं, प्रतीक्षागृहं अशा जागांसाठी आवाज बसवून देतो. त्यामुळे हे संगीत मला जितकं आवडीचं तितकंच कामाचं. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे संगीत ‘शांत’ आहे म्हणून टिकलेलं नाही. शांत संगीत पोत्यानं मिळतं. यातलं बरंचसं संगीत कुठल्या तरी खऱ्या जागेसाठी केलेलं होतं. त्या जागेत आधीच जे आवाज आहेत त्यांच्या सोबतीनं कसं राहायचं, याचा विचार करणाऱ्यांनी इतका बारकाईनं केला होता, की पुढे ती जागा उरली नाही तरी संगीतातला तो गुण उरला. अल्गोरिदमनं ते घरोघर पोचवलं हे खरं, पण लोक ऐकत राहिले ते या गुणामुळे.

हिरोशी योशिमुरा (१९४०–२००३) यांचा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’ हा १९८२ सालचा अल्बम घ्या. टोकियोच्या शिनागावा भागात हारा समकालीन कला संग्रहालय होतं. १९३८ साली बांधलेल्या एका खाजगी बंगल्यात ते १९७९ मध्ये सुरू झालं होतं: पांढऱ्या भिंती, मोठ्या खिडक्या, खिडकीबाहेर अंगणातली झाडं. योशिमुरांना ती जागा फार भावली. इलेक्ट्रिक पियानो आणि कीबोर्ड एवढ्याच सामग्रीवर रेकॉर्ड केलेल्या रचना त्यांनी संग्रहालयाला ऐकवल्या, आणि संग्रहालयानं त्या दालनात लावल्या. चित्रं बघायला येणारे लोक विचारू लागले, हे वाजतंय ते मिळेल कुठं? त्यानंतर तो अल्बम म्हणून बाजारात आला.

आता त्या रचना कशा आहेत ते पाहा. चार-सहा स्वरांचा एक तुकडा येतो. मग थांबा. मग तोच तुकडा, एखादा स्वर बदलून किंवा तसाच. ताल धरणारं काही नाही, खर्जाचा भराव नाही, चढत जाऊन कुठं तरी पोचणं नाही. आपल्याकडे लोक लगेच म्हणतात, ‘हे तर तानपुऱ्यासारखं.’ मला वाटतं ते नेमकं उलट आहे. तानपुरा दोन स्वरांमधली पोकळी भरून काढतो, गायकाला पायाखाली जमीन देतो. योशिमुरा ती पोकळी मोकळी ठेवतात. तुकडा संपला की त्या दोन-तीन सेकंदांत खोली ऐकू येते: कुणाची पावलं, दाराची कडी, बाहेरचा पाऊस. रचनेतला तो थांबा काढून टाकला तर उरतात नुसते गोड स्वर, आणि आजच्या ‘झोपेचं संगीत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हजारो ट्रॅकांत नेमकं तेच झालेलं असतं.

हा अल्बम ज्या मालिकेत निघाला तिचं नाव ‘वेव्ह नोटेशन’. ती काढली सातोशी आशिकावा यांनी, आपल्या साउंड प्रोसेस या छोट्या लेबलतर्फे. या साऱ्या गोष्टीतला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस हाच. इकेबुकुरोच्या सेइबु डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कलासंग्रहालय होतं आणि त्याच्या जोडीला ‘आर्ट विव्हाँ’ नावाचं पुस्तकांचं आणि रेकॉर्डांचं दुकान. आशिकावा तिथं काम करायचे. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोचे अल्बम, फ्रेंच संगीतकार एरिक सती, मोजक्या स्वरांच्या पुनरावृत्तीतून रचना बांधणारी अमेरिकन मिनिमलिस्ट मंडळी हे सगळं टोकियोच्या जाणकार कानांपर्यंत ज्या वाटांनी पोचलं, त्यातली एक वाट म्हणजे हे दुकान. सतीनं १९१७च्या सुमारास ‘फर्निचरसारखं संगीत’ ही कल्पना मांडली होती. खोलीत खुर्ची असते तसं संगीत असावं, लक्ष दिलं तरी चालेल, न दिलं तरी चालेल. ईनोनं १९७८ साली ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ काढून त्याच विचाराला नवं रूप दिलं. जपानी मंडळींनी हे दोन्ही धागे उचलले आणि त्यात तिसरा मिळवला: कॅनडाच्या मरी शेफर यांचा ‘साउंडस्केप’चा विचार, म्हणजे आपल्या भोवतालचे आवाज हाही एक सार्वजनिक ठेवा आहे आणि त्याची निगा राखली पाहिजे.

आशिकावांचा स्वतःचा अल्बम ‘स्टिल वे’ हाही १९८२चाच. हार्प, पियानो, व्हायब्राफोन, बासरी. त्यांचं म्हणणं असं होतं की हे संगीत श्रोत्याला उत्तेजित करण्यासाठी किंवा दुसऱ्याच जगात नेण्यासाठी नाही. त्यानं धुरासारखं तरंगावं आणि भोवतालचा भाग होऊन जावं. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात ते गेले. वय अवघं तिशीचं. मालिकेतला तिसरा अल्बम, सात्सुकी शिबानो यांनी वाजवलेल्या सतीच्या पियानो रचनांचा, १९८४ मध्ये निघाला आणि मालिका तिथंच थांबली. तीन अल्बमांत एवढं स्पष्ट बोलून गेलेली दुसरी मालिका मला माहीत नाही.

यानंतर पैसा आला. डॉलर स्वस्त करण्यासाठी बड्या देशांनी १९८५ मध्ये केलेल्या प्लाझा करारानंतर येन महागला, व्याजदर उतरले, जमिनीचे आणि शेअरचे भाव चढत गेले. हातात पैसा खेळणाऱ्या जपानी कंपन्या इमारती, दुकानं, प्रदर्शनं उभारू लागल्या आणि त्यांना त्या जागांसाठी आवाज हवा होता. अर्थात सुरुवात त्याआधीच झाली होती. सेइबुच्याच उद्योगसमूहानं १९८० मध्ये मुजी हा ब्रँड काढला, आणि मुजीच्या दुकानांत वाजवण्यासाठी हारुओमी होसोनो यांनी संगीत केलं. ते पुढे ‘वॉटरिंग अ फ्लॉवर’ या कॅसेटवर आलं. होसोनो म्हणजे यलो मॅजिक ऑर्केस्ट्राचे संस्थापक, जपानी पॉपमधलं पहिल्या फळीचं नाव; आणि त्यांनी दुकानासाठी केलेला तो तुकडा इतका उघडा, इतका कमी आहे की आजही ऐकताना नवल वाटतं. व्हँपायर वीकेंड या अमेरिकन बँडनं २०१९ मध्ये त्या कॅसेटवरची एक रचना आपल्या गाण्यात सँपल म्हणून, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा उचलून, वापरली.

यादी लांबवता येईल. शिसेइदो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीसाठी योशिमुरांनी १९८४ मध्ये ‘एअर इन रिसॉर्ट’ केला. आओयामातली ‘स्पायरल’ ही फुमिहिको माकी यांची इमारत १९८५ मध्ये उघडली, आणि तिच्यासाठी योशिओ ओजिमा यांनी केलेलं संगीत १९८८ मध्ये दोन भागांत निघालं. ताकाशी कोकुबो यांचा १९८७चा ‘गेट अ‍ॅट द वेव्ह’ तर सान्योच्या एअर कंडिशनरच्या प्रचारासाठी होता. याच कोकुबोंनी पुढे मोबाइलवर वाजणारा भूकंपाचा इशारा घडवला, जो ऐकून अख्खा देश एका क्षणात दचकतो. ज्याला पार्श्वभूमीत विरून जाणारा आवाज करता येतो, त्यालाच विरून जाणार नाही असा आवाजही नेमका करता येतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

काही जण यावर नाक मुरडतात: एअर कंडिशनर खपवायला केलेलं ते कसलं संगीत? मला हा आक्षेप पटत नाही. घर बांधणाऱ्या मिसावा होम्सनं १९८६ मध्ये योशिमुरांकडून ‘सराउंड’ करून घेतला, आपल्या नव्या घरांतल्या राहण्याला साजेसा आवाज म्हणून. योशिमुरांनी त्यावर काय भूमिका घेतली? हे संगीत पावलांचा कंप, एसीची घरघर, कॉफीच्या कपात चमच्याची किणकिण यांच्याच रांगेत बसावं, अशी. म्हणजे कंपनीला हवी होती सजावट, आणि या माणसानं तिला एक ऐकण्याची रीत करून दिली. मर्यादा घालून दिलेली असली की चांगला कारागीर जास्त मोकळा होतो. खोली केवढी, लोक किती वेळ थांबणार, बोलणार की गप्प बसणार, हे ठरलेलं असलं म्हणजे रचनेतला प्रत्येक निर्णय कशाला तरी बांधलेला असतो. नुसतं ‘आराम वाटेल असं काहीतरी’ या मागणीला असला आधार नसतो.

इथं थोडं तंत्राचं बोलतो, कारण या संगीताचा रंग त्यातून आलाय. यामाहानं १९८३ मध्ये डीएक्स-७ हा सिंथेसायझर काढला. तो एफएम पद्धतीनं आवाज घडवतो: एका लहरीची कंपनसंख्या दुसऱ्या लहरीनं झपाझप हलवायची आणि त्यातून नवे उपस्वर निर्माण करायचे. या पद्धतीत घंटा, काच, लाकूड यांच्यासारखे आवाज सहज निघतात. आघाताच्या क्षणी लखलखीत, आणि लगेच मऊ होत विझणारे. त्याआधीच्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरचे लांबवर धरलेले जाड सूर खोली भरून टाकतात, आणि माणसाचं बोलणं ज्या मधल्या पट्ट्यात असतं तोच पट्टा व्यापतात. मग लोक आवाज चढवतात, आणि संगीत आणखी मोठं करावं लागतं. पटकन विझणारा घंटेसारखा स्वर बोलण्याला वाट देतो. योशिमुरांचा ‘ग्रीन’ (१९८६) याच एफएम आवाजांवर उभा आहे. त्यातली पहिली रचना ‘क्रीक’ स्पीकरवर लावा आणि कुणाशी तरी गप्पा मारा. आवाज चढवावा लागणार नाही, आणि बोलण्यात खंड पडला की पाण्यासारखी खळखळ तिथंच असेल.

‘ग्रीन’चीच आणखी एक गोष्ट. अमेरिकेत तो निघाला तेव्हा त्यात निसर्गाचे आवाज मिसळले गेले. तिकडे तो न्यू एज, म्हणजे ध्यान-विश्रांतीसाठीचं संगीत, या खणात विकायचा होता, आणि त्या गिऱ्हाइकाला झरे-पाखरं लागतात असा समज. योशिमुरांना स्वतःला हे आवाज नसलेलं मूळ मिश्रणच (मिक्स) पसंत होतं. माझ्याकडे येणाऱ्या कामांतही पहिली मागणी बहुधा हीच असते: पक्षी टाका, पाणी टाका. मी दर वेळी समजावून सांगतो की खोलीत नसलेला पक्षी ओरडला की कान त्याला शोधायला लागतो, आणि वीस मिनिटांनी तोच पक्षी तसाच ओरडला की कानाला फसवल्याची जाणीव होते. जिथं खिडकीबाहेर खरा बुलबुल आहे तिथं तर हा प्रकार फारच वाईट. योशिमुरांनी पाण्याचा आवाज न लावता पाण्याची चाल स्वरांत आणली, म्हणून त्यांचं काम शिळं होत नाही.

मग हे सगळं हरवलं कसं? अल्बम थोड्या प्रती काढून लहान लेबलांनी छापलेले. काही तर विक्रीसाठी नव्हतेच, कंपनीची भेट म्हणून वाटलेले. आशिकावा गेले. १९९० उजाडताच शेअर बाजार कोसळला आणि त्यामागोमाग जमिनीचे भाव. अशा कामांना पैसा देणारे हात आखडले. हक्क कुणाचे, मास्टर टेप कुठं, हे प्रश्न कागदपत्रांत अडकून पडले. योशिमुरा मात्र काम करत राहिले. टोकियोच्या नांबोकू या मेट्रो मार्गावर, जो १९९१ मध्ये सुरू झाला, फलाटावर वाजणारे सूचनेचे सूर त्यांचे होते. रोज लाखो लोक ते ऐकत होते आणि बनवणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. २००३ मध्ये ते वारले, तेव्हा जपानबाहेर त्यांना ओळखणारे मोजकेच होते.

शोध घेणारे आधी आले, अल्गोरिदम नंतर. टोकियोच्या जुन्या रेकॉर्डांच्या दुकानांत हात काळे करणारे संग्राहक, आपापल्या ब्लॉगवर दुर्मिळ अल्बमांबद्दल लिहिणारे लोक, आणि पोर्टलंडचा संगीतकार स्पेन्सर डोरान, ज्यानं २०१०च्या सुमारास ‘फेअरलाइट्स, मॅलेट्स अँड बांबू’ या नावानं या काळातल्या जपानी संगीताचं मिश्रण करून इंटरनेटवर ठेवलं. ते पुष्कळांच्या हातात पडलं. मग कुणी कुणी पूर्ण अल्बम यूट्यूबवर चढवले आणि ‘यानंतर हे ऐका’ या रकान्यानं पुढचं काम केलं. मिदोरी ताकादा यांच्या ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ला लाखो श्रोते मिळाले ते असेच, आणि मूळ रेकॉर्डच्या किमती शेकडो डॉलरांवर गेल्या. २०१७ मध्ये तो अल्बम पुन्हा छापला गेला, आणि त्याच वर्षी ‘नाइन पोस्टकार्ड्स’ही. फेब्रुवारी २०१९ मध्ये लाइट इन द अ‍ॅटिक या अमेरिकन लेबलनं डोराननं निवडलेल्या रचनांचा ‘कांक्यो ओंगाकु’ हा संग्रह काढला. कांक्यो म्हणजे पर्यावरण, ओंगाकु म्हणजे संगीत, आणि जपानमध्ये या संगीताला तेच नाव आहे. या संग्रहाला ऐतिहासिक अल्बमांच्या गटात ग्रॅमी नामांकनही मिळालं. २०२० मध्ये ‘ग्रीन’ मूळ मिश्रणासह परत आला, त्याच वर्षी जग घरात कोंडलं गेलं होतं. राहत्या घरासाठी संगीत ही कल्पना तेव्हा कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

ताकादांबद्दल स्वतंत्र बोललं पाहिजे, कारण त्यांना सरसकट याच टोपलीत टाकणं अन्यायाचं आहे. त्या तालवादक. पाश्चात्त्य अभिजात शिक्षण घेतलेल्या, बर्लिनमध्ये ऑर्केस्ट्रासोबत वाजवलेल्या, आणि नंतर ती वाट सोडून आफ्रिकी तालवाद्यं आणि गॅमेलान या इंडोनेशियातल्या घंटा-थाळ्यांच्या वाद्यवृंदाकडे वळलेल्या. १९८३चा ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ त्यांनी एकटीनं, थरावर थर चढवत दोन दिवसांत रेकॉर्ड केला: मारिंबा, झांजा, ओकारिना, हार्मोनियम. पहिली रचना फ्रेंच चित्रकार आंरी रूसोच्या स्वप्नाच्या नावाची आहे आणि तिच्यात खरंच एक जंगल उभं राहतं. पण शेवटची रचना ऐका. एकमेकांत गुंतलेली आवर्तनं वेग घेत जातात आणि शरीर थरथरेपर्यंत थांबत नाहीत. ही पार्श्वभूमी नव्हे. इथं बसून, लक्ष देऊन ऐकावं लागतं. आज त्या जगभर मैफली करतात आणि ज्यांनी त्यांना यूट्यूबवर ‘रिलॅक्सिंग’ म्हणून शोधलं होतं, ते सभागृहातून हादरून बाहेर पडतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

एका समजाला मात्र माझा ठाम विरोध आहे. परदेशी लिखाणात हे संगीत पुष्कळदा झेन, चहाचा समारंभ, प्राचीन जपानी शांतता अशा सुरात विकलं जातं. त्या काळचं टोकियो शांत नव्हतं. पाचिंको या गोळ्यांच्या यंत्रखेळाच्या दुकानांचा कलकलाट, निवडणुकीच्या गाड्यांवरचे भोंगे, डिपार्टमेंट स्टोअरमधल्या न थांबणाऱ्या सूचना. हे संगीत करणारे लोक शहरी होते, नवीकोरी यंत्रं वापरत होते, पॅरिस-लंडन-न्यूयॉर्कचं सगळं ऐकत होते, आणि आपल्या शहराच्या गोंगाटाला उत्तर शोधत होते. ते उत्तर पुढे सरकारी पातळीवरही पोचलं: १९९६ मध्ये जपानच्या पर्यावरण खात्यानं जतन करण्याजोग्या १०० ध्वनिस्थळांची यादी केली. झेनचा शिक्का मारला की ही सगळी मेहनत, वाद, कारागिरी पुसली जाते. होसोनोंचं १९७८चं ‘कोचीन मून’ आठवा. चित्रकार तादानोरी योकूंसोबतच्या भारतप्रवासानंतर केलेला तो सिंथेसायझरचा अल्बम, ‘मलबार हॉटेल’ अशा नावांच्या रचनांचा. त्यात शांतता शोधून सापडत नाही; घाम, गर्दी आणि चक्रावलेलं डोकं आहे. तोच माणूस पाच-सहा वर्षांनी मुजीसाठी ते रिकामं, स्वच्छ संगीत करतो. असा पल्ला वारशानं मिळत नाही, तो कमवावा लागतो.

आता ऐकायचं कसं. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लावून ऐकू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. ज्या आवाजांशी हे संगीत जुळवून घेतं तेच तुम्ही कापून टाकता. साधे स्पीकर घ्या, खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवा, खिडकी उघडी राहू द्या. आवाज नेहमीइतका ठेवा आणि मग कमी करत जा. रस्त्यावरचा रिक्षाचा आवाज आणि संगीत दोन्ही सारख्याच सहजतेनं ऐकू येऊ लागले की थांबा. आपल्याकडची खरी अडचण आहे छताचा पंखा. त्याच्या घरघरीत ‘स्टिल वे’मधले विझत जाणारे स्वर पार बुडतात. उन्हाळ्यात पंखा बंद करा असं कुणाला सांगणार? तो अल्बम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळसाठी राखून ठेवा. ‘ग्रीन’ आणि ‘सराउंड’ पंख्याखालीही चालतात, त्यांचा आघात लखलखीत आहे म्हणून.

सुरुवात ‘नाइन पोस्टकार्ड्स’नं करा, आणि पहिले काही दिवस दुसरं काही लावूच नका. एकच अल्बम, वेगवेगळ्या वेळी, कामं करताना. तो घरात रुळला की ‘सराउंड’. २०२३ मध्ये तो पुन्हा निघाला, आता सहज मिळतो. मग ‘स्टिल वे’. ताकादांसाठी मात्र एक मोकळी संध्याकाळ काढा, दिवा लावून समोर बसा आणि आवाज मोठा ठेवा. ओजिमांचं ‘म्युझिक फॉर स्पायरल’ सर्वांत शेवटी: ते लांब आहे, काही ठिकाणी मला पसरट वाटतं, पण इमारतीसाठी संगीत लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे शिकायचं असेल तर दुसरा भाग सोडू नका. ‘ग्रीन’ घेताना कुठली आवृत्ती आहे ते तपासा. पहिल्याच मिनिटात झऱ्याचं खरं पाणी वाहू लागलं, तर ती अमेरिकन आवृत्ती. ती बंद करा आणि दुसरी शोधा.